पगारातून वजा, म्हातारपणात जमा

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकखोलीत दोन प्रकारची माणसं बसलेली असतात आणि वरवर पाहता त्यांच्यात काहीच फरक नसतो. सुट्ट्या त्याच, केंद्रप्रमुख तेच, शालार्थ या पगारप्रणालीवर निघणारं पगारबिलही एकच. पण एक जण १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत आलेला असतो, दुसरा त्यानंतर. पहिल्याच्या पगारातून जीपीएफ, म्हणजे सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी, कापला जातो, दुसऱ्याच्या पगारातून एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा वाटा. पहिल्याला सरकार पेन्शन देणं लागतं. दुसऱ्याची पेन्शन त्याच्या खात्यात किती साठलं यावर ठरायची. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून मोर्चे निघाले, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या टोप्या घातल्या गेल्या, १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला. ज्यावरून मोर्चा निघत नाही अशी गोष्ट वेगळीच आहे. या दोन कपातींकडे आयकर कायदा दोन वेगळ्या नजरांनी बघतो आणि त्या नजरेचा परिणाम नोकरीभर दर फेब्रुवारीत, शिवाय निवृत्तीनंतरही, खिशावर होत राहतो. ही पुस्तिका त्याबद्दल आहे.

“फेब्रुवारीचो पगार खंय गेलो?” हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी विचारला जातो. उत्तर साधं आहे. पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, वर्षभराचा अंदाज धरून दरमहा थोडा थोडा कर कापायचा असतो. प्रत्यक्षात एप्रिल ते डिसेंबर कोणी फारसं बघत नाही. जानेवारीत इन्कम टॅक्सचा तक्ता फिरतो, एलआयसीच्या पावत्या शोधल्या जातात आणि उरलेला सगळा कर शेवटच्या एकदोन पगारांवर येऊन आदळतो. त्यातच फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रुपये. तो शंभराचा फरक कोणाला जाणवतही नाही, पण विषयाची खरी सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते.

कारण पगारावर महाराष्ट्र राज्य स्वतः घेतं असा कर हा एवढाच. आयकर संसद ठरवते आणि केंद्र गोळा करतं. राज्याच्या हातात राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने दिलेला व्यवसाय कर आहे आणि त्यालाही वर्षाला २,५०० रुपयांचं कुंपण आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीआधी ते २५० रुपयांचं होतं. अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० हे गणित त्या कुंपणाला बरोबर टेकण्यासाठी केलेलं आहे. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून तो माफ झाला. पेन्शनवर तो लागत नाही.

महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेला पैसा हवा होता. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या हाताला काम द्यायला हातभार लावावा, तेवढीच भर राज्याने घालावी, अशी रचना झाली. पुढे १९९० मध्ये याच योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कोकणातल्या कितीतरी कातळावर, भरडावर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. आज देवगड-वेंगुर्ल्याकडे निवृत्त मास्तरांच्या घरामागे जी काजूची बाग दिसते, तिच्यातल्या काही झाडांच्या मुळाशी मुंबईतल्या कुठल्यातरी कारकुनाचा व्यवसाय कर आहे. आणि त्या काजूचं उत्पन्न शेतीचं म्हणून आयकरातून मुक्त. फक्त पेन्शन करपात्र असेल तर कराचा दर काढताना ते बेरजेत धरलं जातं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुस्तिकेत त्याचं एक उदाहरण सोडवून दाखवलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. पगारातून किती कापायचं, मालकाने किती घालायचं हे राज्य सरकार ठरवतं, कारण इथे मालक तेच आहे. त्या रकमेवर कर घ्यायचा की नाही हे दिल्लीत ठरतं. कर्मचारी या दोघांच्या मध्ये. हे दोघे नेहमी एका वेगाने चालत नाहीत याचा ठळक दाखला २०१९ ते २०२२ या तीन वर्षांत मिळाला.

एनपीएसमध्ये कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि सरकारचेही १० टक्के अशी सुरुवात होती. १ एप्रिल २०१९ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतःचा वाटा १४ टक्के केला. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी तो स्वीकारला. सरकारने घातलेला वाटा कायद्याच्या दृष्टीने कर्मचाऱ्याचा पगारच असतो. म्हणून तो आधी उत्पन्नात मिळवायचा आणि मग कलम ८० सीसीडी (२) खाली वजा करायचा. केंद्राने ही वजावट १४ टक्क्यांपर्यंत वाढवली खरी, पण ‘केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहून. राज्याच्या कर्मचाऱ्याची मर्यादा १० टक्क्यांवरच राहिली. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला ६०,००० रुपये आहेत. सरकारचा वर्षाचा वाटा १,००,८०० रुपये. वजावट ७२,००० रुपयांची. उरलेले २८,८०० रुपये, जे निवृत्तीपर्यंत हातात येणार नाहीत, ते यंदाच्या पगारात धरून कर. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह सुमारे ६,००० रुपये. मालवणच्या पोस्टात काम करणारा केंद्राचा कर्मचारी यातून सुटलेला आणि त्याच रस्त्यावरच्या तहसील कार्यालयातला लिपिक अडकलेला.

फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हा भेद काढला आणि तोही मागच्या तारखेपासून, आर्थिक वर्ष २०१९-२० धरून. न्याय झाला, पण तोपर्यंत पहिल्या वर्षाचं सुधारित विवरणपत्र भरायची मुदत उलटून गेली होती. ज्यांच्या कार्यालयाने नियम काटेकोर पाळून १० टक्क्यांवरच वजावट थांबवली होती, त्यांनीच जास्त कर भरला. ज्यांनी डोळे झाकून १४ टक्के वजा करून टाकले, त्यांचं काही बिघडलं नाही. कर कायद्यात असं होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पगारबिलातली एक चूक अजूनही सर्रास आढळते. सरकारचा वाटा उत्पन्नात मिळवलेलाच नसतो आणि तरी वजा केलेला असतो. किंवा मिळवलेला असतो आणि वजा करायचा राहतो. पहिल्या प्रकारात नोटीस येते, दुसऱ्यात पैसे जातात. फॉर्म नंबर सोळा हातात आला की सर्वांत आधी या दोन ओळी बघाव्यात. बाकीचं नंतर.

कर्मचाऱ्याचा स्वतःचा १० टक्के वाटा वेगळ्या घरात बसतो. २००५ पासून ८० सी आलं, त्याआधी कलम ८८ ची सूट होती. ८० सी, ८० सीसीसी आणि ८० सीसीडी (१) या तिघांची मिळून मर्यादा आधी १ लाख, २०१४-१५ पासून दीड लाख. जीपीएफ, गट विमा, पीपीएफ, एलआयसी, मुलांची शिकवणी सोडून शाळेची फी, घरकर्जाचं मुद्दल, सगळं याच पोत्यात. २०१५ मध्ये एनपीएससाठी आणखी ५०,००० रुपयांचं स्वतंत्र घर बांधलं गेलं, ८० सीसीडी (१ बी). सक्तीने कापली गेलेली एनपीएसची रक्कमही या दुसऱ्या घरात नेता येते, फक्त एकच रक्कम दोन्हीकडे दाखवायची नाही. ज्याचं दीड लाखाचं पोतं विमा आणि घरकर्जानेच भरतं, त्याने एनपीएस तिकडे नेली की वर्षाला पन्नास हजारांची वजावट जास्त. जुनी करप्रणाली निवडलेल्या अनेकांच्या तक्त्यात ती आजही ८० सीमध्येच कोंबलेली दिसते. पतपेढीच्या कपातीबद्दलही इथेच सांगून टाकतो: शेअर्स, सभासद ठेव, कर्जाचा हप्ता, यांपैकी कशालाही ८० सीची वजावट नाही. पगारातून कापलं गेलं म्हणून ते करातून सुटलं, असं होत नाही.

या पन्नास-साठ वर्षांच्या सवलतींनी नोकरदाराला बचत शिकवली हे खरंच आहे. पण त्यांनी मार्च महिन्यातली बचतही शिकवली. वर्षअखेरीला पंचायत समितीच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या विमा प्रतिनिधीकडून घेतलेल्या पॉलिसी किती घरांत आहेत ते बघा. विम्याचं संरक्षण तुटपुंजं, परतावा बचत खात्याच्या आसपास, आणि ती घेण्याचं कारण विचारलं तर ‘टॅक्स वाचवूक’. या धंद्याला आता ओहोटी लागली आहे. २०२० मध्ये आलेली नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी झाली. तिच्यात ८० सी नाही, १ बी नाही, व्यवसाय कराची वजावटसुद्धा नाही. पगारदाराची प्रमाणित वजावट ७५,००० रुपये आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट देऊन कर शून्य, म्हणजे पगारदाराच्या बाबतीत पावणेतेरा लाखांपर्यंत. जिल्ह्यातल्या बहुसंख्य प्राथमिक शिक्षकांना आणि लिपिकांना आता फेब्रुवारीत धक्का बसायचं कारण उरलेलं नाही.

नव्या प्रणालीत बचतीची एक वजावट मात्र टिकली: मालकाच्या वाट्याची, ८० सीसीडी (२). ती टिकणं अगदी बरोबर आहे, हातात न आलेल्या पैशावर कर नको. पण कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याचं काय? तोही सक्तीचाच आहे, तोही निवृत्तीपर्यंत हातात येत नाही. बारा लाखांच्या वर उत्पन्न असलेले कनिष्ठ महाविद्यालयांचे अनुभवी प्राध्यापक किंवा ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर त्यावर आता कर भरून मग ती रक्कम खात्यात घालतात. निवृत्तीच्या वेळी सरकारी कर्मचाऱ्याला साठलेल्या रकमेतले ६० टक्के करमुक्त मिळतात. ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते आणि ती दरमहा मिळू लागली की करपात्र उत्पन्न. एनपीएसची मूळ कल्पना अशी होती की घालताना सूट, वाढताना सूट, काढताना कर. नवी प्रणाली निवडणाऱ्याच्या बाबतीत घालतानाही कर आणि पेन्शन घेतानाही कर, असं होऊन बसलं. यावर एक कायदेशीर बारकावा आहे. ८० सीसीडीची भाषा ‘ज्या रकमेवर वजावट मिळाली’ तिच्याबद्दल बोलते. वजावट न मिळालेल्या रकमेतून आलेल्या पेन्शनचं काय, हा प्रश्न आजचे चाळिशीतले शिक्षक निवृत्त होतील तेव्हा नक्की उभा राहील. त्यासाठी कोणत्या वर्षी कोणती प्रणाली निवडली याची कागदपत्रं जपून ठेवावीत. पुस्तिकेच्या मागे त्यासाठी एक कोरा तक्ता दिला आहे. तो वर्षाला एकदा भरायचा.

जीपीएफवाल्याचा मामला तुलनेने सरळ. निधीची रक्कम पूर्ण करमुक्त, व्याजही. २०२१ पासून वर्षाला ५ लाखांपेक्षा जास्त भरणाऱ्याच्या जादा रकमेवरचं व्याज करपात्र झालं, पण एवढा जीपीएफ भरणारा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधावा लागेल. पेन्शनचा विकलेला भाग, म्हणजे अंशराशीकरण, करमुक्त. मासिक पेन्शन मात्र पगारासारखीच करपात्र, हे निवृत्तीनंतर कळून चिडणारे लोक मी पाहिले आहेत. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेची पेन्शन ‘पगार’ या शीर्षाखाली येत नाही. तिला पगारदाराची प्रमाणित वजावट मिळत नाही. रकमेचा एक तृतीयांश किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांत जे कमी असेल ते वजा होतं. ही कमाल जुन्या प्रणालीत १५,००० आणि नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून २५,००० रुपये आहे. गावात एकटी राहणारी बाई हे कुणाला विचारणार? तिच्यासाठीचं प्रकरण मुद्दाम मोठ्या टाइपात छापलं आहे.

सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीने जीपीएफवाल्यांनाही ताप दिला. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांचा फरक पाच समान हप्त्यांत २०१९-२० पासून द्यायचं ठरलं आणि तो रोखीने न देता निधीच्या खात्यात जमा होऊ लागला. ज्या वर्षी हप्ता जमा झाला त्या वर्षीच्या उत्पन्नात तो धरला गेला. “पैसे हातात येवक नाय, आणि टॅक्स मात्र भरूचो,” ही तक्रार अगदी रास्त होती. यावर कलम ८९ चा उतारा आहे: थकबाकी ज्या वर्षांची, त्या वर्षांत ती विभागून कर काढायचा आणि जो कमी येईल तेवढाच भरायचा. मात्र विवरणपत्राआधी फॉर्म १० ई ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता नुसतीच सूट मागितली की ती नाकारली जाते आणि मागणीची नोटीस येते. हा फॉर्म भरायला अर्धा तास लागतो. तो न भरल्यामुळे गेलेले पैसे कितीतरी जास्त आहेत.

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक गाठ आहे आणि ती मला सगळ्यांत अन्यायाची वाटते. जिल्हा परिषद म्हणजे कायद्याच्या भाषेत स्थानिक प्राधिकरण. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, पूर्ण करमुक्त करणाऱ्या कलमात राज्य सरकारच्या सोबत स्थानिक प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अंशराशीकरणाच्या कलमातही आहे. पण शिल्लक अर्जित रजेच्या रोखीकरणाच्या कलमात, १० (१० एए) मध्ये, पूर्ण सूट फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला. स्थानिक प्राधिकरण हे शब्द तिथे नाहीत. म्हणजे ओरोसला एकाच आवारात काम करून एकाच दिवशी निवृत्त झालेले दोघे, एक जिल्हाधिकारी कार्यालयातला आणि एक जिल्हा परिषदेतला, तीनशे दिवसांच्या रजेचे सारखेच पैसे घेतात. पहिल्याला काहीच कर नाही, दुसऱ्याला मर्यादा. ही मर्यादा २००२ पासून वीसेक वर्षं ३ लाखांवर गोठलेली होती. १ एप्रिल २०२३ पासून ती २५ लाख झाल्याने नव्याने निवृत्त होणाऱ्यांचा प्रश्न व्यवहारात मिटला. पण त्याआधीच्या ग्रामसेवकांनी, आरोग्य पर्यवेक्षकांनी, शाखा अभियंत्यांनी भरलेला कर कोणी परत केला नाही. शिक्षकांना उन्हाळी सुट्टी असल्याने अर्जित रजा फारशी साठत नाही, त्यामुळे संघटनांच्या सभांत हा विषय कधी वर आला नाही.

सरकारी नोकरी म्हणजे सगळा सिंधुदुर्ग नव्हे. १९८१ मध्ये रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला तेव्हा इथल्या घराघरांतला मिळवता माणूस मुंबईत होता आणि त्याच्या म्हातारपणाची तरतूद ‘फंड’ या एका शब्दात मावत होती. १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा ज्या पहिल्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापड गिरण्या होत्या. चाकरमान्याने फंड काढून घरावर कौलं चढवली, मुलीचं लग्न केलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर पुष्कळांनी तो लवकर काढला. सलग पाच वर्षं सेवा झालेली असेल तर ही रक्कम करमुक्त. त्याआधी काढली तर करपात्र. आजारपण किंवा मालकाचा धंदाच बंद पडणं, अशा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर पाच वर्षांची अट लागत नाही.

आज तो नियम दोडामार्ग-सावंतवाडीच्या पोरांना लागतो. गोव्यातल्या औषध कारखान्यांत, हॉटेलांत, मोपाच्या विमानतळावर कंत्राटावर काम, दीड-दोन वर्षांनी नोकरी बदल आणि प्रत्येक बदलाला फंड काढणं. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा त्याहून जास्त काढले की १० टक्के टीडीएस. काढण्याऐवजी नव्या खात्यात वळवला असता तर आधीची सेवाही पाचात मोजली गेली असती. शिवाय मालकाच्या बारा टक्क्यांतला ८.३३ टक्के भाग १९९५ च्या पेन्शन योजनेत जातो, तोही तुकड्या-तुकड्याने निसटतो. एकदा, फेब्रुवारी २०१६ मध्ये, अर्थमंत्री अरुण जेटली यांनी फंडाच्या ६० टक्के भागावर कर सुचवला होता. इतका गदारोळ झाला की ८ मार्चला तो मागे घेतला गेला. फंडाला हात लावला की नोकरदार जागा होतो. एनपीएसच्या बाबतीत तो अजून तसा जागा झालेला नाही.

ज्याला मालकच नाही त्याचं काय, हा प्रश्न समुद्रकिनाऱ्यावर टाळता येत नाही. रापणीवरचा वाटेकरी किंवा ट्रॉलरवरचा खलाशी यांच्या कमाईतून कोणी काही कापत नाही आणि कोणी काही घालत नाही. त्यांच्यासाठी २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे. अठरा ते चाळीस वयात सुरू करायची, साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला तिच्यात नव्याने शिरता येत नाही. चांगल्या हंगामात एखाद्या वर्षी कर भरलेला होडीमालकही त्यामुळे बाहेर राहतो, कारण नियम ‘पूर्वी भरलेला’ यालाही लागू आहे. मासळीचं एक वर्ष चांगलं आणि पुढची तीन वाईट जाऊ शकतात हे नियम करणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

पुस्तिकेची प्रकरणं नेमणुकीच्या तारखेप्रमाणे लावली आहेत, कलमांच्या क्रमाने नाहीत. २००५ पूर्वीच्यांनी पहिला भाग वाचावा, नंतरच्यांनी दुसरा. जाहिरात आधीची पण नेमणूक नंतरची असल्यामुळे फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने ज्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला, त्यांनी दोन्ही. खासगी नोकरीतल्यांसाठी तिसरा भाग आहे. कलमांचे आकडे सगळीकडे १९६१ च्या कायद्याचे ठेवले आहेत, कारण जुने फॉर्म सोळा आणि नोटिसा त्याच आकड्यांत आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या आयकर कायद्यात हे आकडे बदलले. ८० सीचं १२३ झालं. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ ही जोडीही जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. जुना-नवा आकडा शेजारी शेजारी दाखवणारा तक्ता शेवटच्या पानावर आहे. तो फाडून पगारपत्रकांच्या फायलीत लावता यावा म्हणून त्या पानाची मागची बाजू कोरी ठेवली आहे.